पडवळाला बांधलेला दगड

मी चेटकीण नाही, हे या वयात लेखी द्यावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण अर्धी गोष्ट तुमच्या आईने तुम्हाला सांगितली, उरलेली अर्धी तुमच्या बाबांनी हसत हसत बिघडवली, आणि परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला विचारलं, "आजी, तुझ्याकडे झाडू आहे का गं?" तेव्हा आता सगळं क्रमवार लिहिणं भाग आहे. (झाडू आहे. तो घर झाडायला आहे.)

सुरुवात झाली ती गेल्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना. त्या जेवणात पुरण, आंबील, सोळा भाज्या सगळं असतं, पण कढीत पडवळ हवंच; पडवळ नाही तर पान अपुरं. मी बाजारातून आणलं होतं. महाल भागात राहणाऱ्या तुमच्या मोठ्या आजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, पहिला तुकडा तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. मग सगळ्या पंक्तीच्या देखत तो वाटीच्या कडेला काढून ठेवला.

"जून आहे गं," त्या म्हणाल्या. "जन्म कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेला तुझा. पडवळ ओळखायला कोण शिकवणार?"

पंक्तीत कोणी हसलं नाही. आजोबा हसले.

"पुढच्या वर्षी पडवळ माझ्या मांडवावरचं असेल," मी म्हटलं.

"पाहू. चिरायच्या आधी अख्खं दाखव मला. बाजारचं वाकडं येतं, घरचं कसं काठीसारखं सरळ पाहिजे!"

झालं! या वर्षी मृग लागताच मी मागच्या अंगणात आळं केलं, बी लावलं, वर तारांचा मांडव घातला. रामदासपेठेत लोक अंगणात गाड्या लावतात. मी पडवळ लावलं. दोडकी, वाल, कारली हेही होतं, आणि भेंडी तर इतकी आली की आजोबा जेवायला बसण्याआधी झाकण उचलून पाहू लागले. पण माझा जीव अडकला होता पडवळात.

पडवळाचं फूल संध्याकाळी उमलतं. पांढरं, झालरीचं, फार देखणं. पण आपल्या गल्लीत त्याला किडे-पाखरं पुरेशी नाहीत. म्हणून तुमच्या बाबांच्या शाळेतला जुना रंगाचा ब्रश घेऊन मी स्वतः रोज तिन्हीसांजेला नरफुलावरचा पराग मादीफुलाला लावत असे. गुडघे दुखतात, म्हणून स्टुलावर चढून. केस धुतले असले तर ते मोकळे सोडून, कारण वाळत नाहीत. आणि सवयीने तोंडाने इंग्रजी कविता म्हणत. (यात काही गैर आहे का? मला तर तेव्हा काहीच दिसलं नाही.)

फळं धरली, पण फळमाशीने एकेक नासवलं. शेवटी उरलं एकच. त्याला मी आजोबांच्या जुन्या धोतराची लांब पांढरी पिशवी शिवून घातली. शिवाय पडवळ मोकळं सोडलं तर सापासारखं वेटोळं घालतं, म्हणून कोवळं असतानाच टोकाला दगड बांधतात. वजनाने ते सरळ लोंबतं. मीही बांधला. घरात फक्त काळा दोरा होता, म्हणून काळ्या दोऱ्याने बांधला.

आता एकुलतं एक पडवळ म्हटल्यावर माणूस जरा सावध होणारच. मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. पहाटे फिरायला निघणारे आणि दुसऱ्यांच्या कुंपणावरून देवासाठी फुलं तोडणारे सद्गृहस्थ माझ्या यादीत होतेच. जो जास्वंद सोडत नाही तो पडवळ सोडेल का? त्यानंतर भाजीवाला, कारण मी त्याच्याकडून भाजी घेणं बंद केल्यापासून तो आपल्या फाटकासमोर जरा जास्तच मोठ्याने ओरडत असे. आजोबाही यादीत होते. ते मांडवाखाली पेपर वाचत बसत, आणि कात्री सापडत नसली की हमखास त्यांच्याजवळच सापडत असे.

पण सगळ्यांच्या वर नाव होतं शेजारच्या पुष्पाबाईंचं. त्या नरखेडकडच्या. सुनेला दिवस गेले म्हणून गावची संत्र्याची बाग नवऱ्यावर सोडून इथे मुलाकडे आल्या होत्या. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. मी ब्रश घेऊन स्टुलावर चढले की त्या त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येत. माझ्याकडे नाही, थेट पडवळाकडे पाहत! मी मान वळवली की पडदा खाली. मी पाठ फिरवली की पडदा वर.

"त्यांचा डोळा आहे त्याच्यावर," मी आजोबांना सांगितलं.

"कशावरून?"

"बघतात."

"मीही बघतो."

"म्हणून तर तुमचंही नाव आहे!"

एकदा त्यांनी भिंतीपलीकडून धीर करून विचारलंच. "काय करून राहिल्या वं मॅडम, असं रोज सांजच्याला?"

"पडवळ वाढवते आहे."

"माय! पडवळ?" त्या दोन पावलं मागे सरल्या. "आमच्या घराण्यात धार्जिणं नाही ते. लावतही नाही, खातही नाही. आन् हा गोटा काहून बांधला?"

मला वाटलं, नाटक करते आहे बाई. खाणार नाही म्हणे! म्हणून मी जरा जरबेने म्हटलं, "सरळ करण्यासाठी."

"कोणाले?"

"जो वाकडा वागेल त्याला!"

पुष्पाबाई आत गेल्या त्या दोन दिवस खिडकीत आल्या नाहीत. मी मनात म्हटलं, दम बसला. बरोबर जागी बसला.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, हे तुम्हाला आठवत असेल. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत लोक वर्षभराची पीडा गावाबाहेर घालवतात, आणि घराघरांतून आदल्या दिवशी दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या बाहेर नेऊन टाकतात. त्या सकाळी मी चहा घेऊन मागच्या अंगणात गेले आणि कप हातातच राहिला. मांडव होता. वेल होता. पडवळ नव्हतं! पिशवी नाही, दोरा नाही, दगडसुद्धा नाही. देठ तेवढा कात्रीने स्वच्छ कापलेला.

"मांजरीने नेलं असेल," आजोबा म्हणाले.

"मांजर कात्री वापरत नाही."

"मग पोलिसात जा. वर्णन दे. उंच, सडपातळ, अंगात पांढरे कपडे, पायाला दगड."

त्याच क्षणी भिंतीपलीकडून वास आला. हिंगाच्या फोडणीचा, आणि शिजणाऱ्या हरभऱ्याच्या डाळीचा! आता पडवळाच्या भाजीत काय घालतात? हरभऱ्याची डाळ. मी वाटी उचलली.

"विरजण संपलंय," मी पुष्पाबाईंच्या दारात उभी राहून म्हटलं. (आपल्या फ्रिजमध्ये पातेलंभर दही होतं.)

पुष्पाबाईंचा चेहरा पांढरा पडला. मी मनात नोंद केली: चोराच्या मनात चांदणं. त्यांनी वाटीभर दही दिलं. वर साखर दिली. न मागता अर्धा डझन लिंबं दिली. मी जागची हलेना, तेव्हा शेल्फावरची नवी चहाची पुडी दिली. निर्दोष माणूस असं करील का? तुम्हीच सांगा!

"काय शिजतंय?" मी विचारलं.

"डाळभाजी, मॅडम."

"बघू."

आणि, बाळांनो, मी परक्याच्या घरातल्या पातेल्यावरचं झाकण उचललं. डावाने तळापर्यंत ढवळलं. पालक! वर पालक, खाली पालक, मध्ये डाळ. पडवळाचा तुकडा नाही. याचा अर्थ एकच होता: पडवळ लपवून ठेवलं आहे. मी झाकण ठेवलं, त्यांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि वर्गात कॉपी पकडल्यावर वापरत असे तो आवाज काढला.

"पुष्पाबाई, माझी वस्तू तुमच्या घरात आली आहे. मला ती परत हवी आहे. महालक्ष्म्या जवळ आल्यात. त्यांच्यापुढे ठेवायची होती ती."

पुष्पाबाई मटकन खालीच बसल्या.

"माय वं! मॅडम, मले काय करायचं ते करा, पण माह्या सुनेले सोडा! पोटुशी आहे वं ती! आम्ही तुमचं काय वाकडं केलं?"

आता मीही खाली बसले. गुडघ्यांची परवानगी नसताना बसले. "सुनेचा काय संबंध?"

"रोज पाहून राहिली होती मी! तिन्हीसांजेले केस सोडता, पांढऱ्या फुलावर काडी फिरवता, मंत्र म्हनता. आन् आमच्या खिडकीच्या समोर मुडदा टांगल्यावानी कफन बांधलं, काळा धागा, खाली गोटा! मी इचारलं तं म्हनता, वाकडा वागेल त्याले सरळ करतो! परवा भिंतीवरून कचरा तुमच्याकडे गेला होता आमचा. मले वाटलं, त्याच्यासाठीच!"

इतक्यात आतून सून बाहेर आली. सात महिन्यांचं पोट सांभाळत, हसून हसून भिंतीला टेकलेली. "मी सांगत होते आईंना, की मॅडम वर्ड्सवर्थ की काय ते इंग्रजी म्हणतात म्हणून. आई म्हणतात, इंग्रजीतली करणी तर आणखी वाईट, तिच्यावर इकडे उतारा नाही!"

"पण पडवळ कुठे आहे?" मी ओरडले. (माणुसकीने आधी त्यांची समजूत घालायला हवी होती, हे मला आता कळतं.)

"मारबतीसंगं धाडलं," पुष्पाबाई म्हणाल्या. "पळसाच्या फांदीले बांधून. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लाटात."

मी धावले. पुष्पाबाई माझ्यामागे धावल्या, आणि आमच्या दोघींच्या मागे, छत्री घेऊन, आजोबा. त्यांना पेपरापेक्षा हे बरं वाटलं. प्लॉटात सगळ्या गल्लीची इडा पीडा पडली होती. पळसाच्या फांद्या, जुने खराटे, फुटकं टोपलं. आणि त्या ढिगावर आडवं, पांढऱ्या पिशवीत, दगडासकट, माझं पडवळ! एक गाय त्याच्याकडे विचारपूर्वक पाहत होती. आजोबांनी छत्री उघडली, गाय गेली. मी पिशवी सोडवली. कुठे ओरखडा नाही. दोन हात लांब आणि काठीसारखं सरळ!

मी हात पुढे केला, आणि थांबले.

"नोका शिवू!" पुष्पाबाई कळवळून म्हणाल्या. आता त्या माझ्या बाजूच्या झाल्या होत्या. "इडा पीडा म्हनून बाहेर काढलेलं कोनी घरात नेते का?"

"मी असलं काही मानत नाही," मी म्हटलं.

"मग उचल की," आजोबा म्हणाले.

"उचलते आहे."

"उचल."

"कंबर धरली आहे जरा."

तसे आम्ही तिघं पडवळाभोवती बराच वेळ उभे राहिलो. येणाराजाणारा थांबून पाहू लागला. शेवटी मीच हळूच म्हटलं, "पुष्पाबाई, यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या तर? म्हणजे केवळ स्वच्छतेच्या दृष्टीने. मीठ उत्तम जंतुनाशक असतं."

"आन् मोहऱ्या?"

"त्यासुद्धा असतील."

पुष्पाबाई घरी जाऊन मूठभर मीठमोहऱ्या घेऊन आल्या आणि भर दुपारी, उघड्या प्लॉटात, त्यांनी माझ्या पडवळाची दृष्ट काढली. मी शेजारी उभी राहून विज्ञानाच्या बाजूने मान हलवत होते.

घरी आणल्यावर नवा पेच. महालक्ष्म्यांना आठवडा होता, अख्खं पडवळ फ्रिजमध्ये मावेना, आणि कापायचं तर नाही, कारण जाऊबाईंना दाखवायचं होतं. मग मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून पाहुण्यांच्या खोलीतल्या कॉटवर, आमच्या खोलीतला कूलर तिथे हलवून, त्याच्यासमोर झोपवलं. आजोबा आठवडाभर पलीकडच्या खोलीत पंख्याखाली घाम पुसत झोपले. "मला फळमाशी लागली असती तर इतकी काळजी झाली नसती," असं ते दाराबाहेरून ऐकवत असत.

महालक्ष्म्यांच्या दिवशी जाऊबाईंनी पडवळ दोन्ही हातांवर घेऊन पाहिलं, नखाने कोवळेपणा तपासला आणि म्हणाल्या, "घरचंच आहे." बस, एवढंच! पण मला तर पदक मिळाल्यासारखं झालं. देवीचा प्रश्न नव्हता. तिला सगळं ठाऊक असतं आणि ती कोणाला सांगत नाही. पंक्तीत जाऊबाईंनी कढी दोनदा मागून घेतली. मी माझ्या वाटीत नुसती कढी वाढून घेतली. पडवळ मला हल्ली पचत नाही, असं मी सांगितलं.

रात्र मात्र वाईट गेली. मी काही मानत नाही, पण जाऊबाईंचं वय झालंय! सकाळी उठल्या उठल्या फोन केला. "बरं आहे ना?" बरं होतं. दहाच्या सुमाराला पुन्हा केला. "पोटबिट ठीक?" ठीक होतं. दुपारी केला, तेव्हा त्यांना फोनवर शिंक आली आणि मी घाबरून विचारलं, "ही कधीपासून?"

मग जाऊबाई अगदी सावकाश म्हणाल्या, "काल तू स्वतः पडवळ खाल्लं नाहीस, ते मी पाहिलं. आता सकाळपासून काहून विचारून राहिली आहेस गं? खरं सांग, कढीत काय घातलं होतंस?"

तेव्हापासून त्या आपल्याकडे आल्या की चहाचा पहिला घोट मला घ्यायला लावतात. मीही मुकाट्याने घेते. खरं काय झालं ते सांगण्यापेक्षा तो घोट सोपा पडतो.