आज्ञा नामंजूर

“नाही,” मुळेसाहेब म्हणाले.

छत्रीबागेतल्या त्या लहानशा सभागृहात साठ-सत्तर माणसं बसली होती. सगळे हसले. स्टेजवर तानपुऱ्यांच्या मधोमध बसलेली तन्वीही हसली. मुळेसाहेब मात्र हसले नाहीत.

मी तबला वाजवतो. इंदूरमध्ये गायकांना साथ करता करता माझे केस पांढरे झाले. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. तानपुरे लागले, तबला मिळवून झाला, की गायक हात जोडतो, समोरच्या वडीलधाऱ्यांकडे बघतो आणि म्हणतो, “आज्ञा असावी.” समोरचे माना हलवतात आणि गाणं सुरू होतं. ही खरीखुरी परवानगी आहे असं कोणी समजत नाही. ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारल्यावर आपण काही समोरच्याला ब्लडप्रेशरचा रिपोर्ट वाचून दाखवत नाही, तसंच हे. इतक्या वर्षांत मी कोणाला ‘नाही’ म्हणताना ऐकलं नव्हतं. त्यामुळे कोणी नाही म्हटलंच तर पुढे काय करायचं, हे कुठल्याच घराण्याने ठरवून ठेवलेलं नव्हतं.

बरं, तो दिवसही थट्टेचा नव्हता. एक संगीत ट्रस्ट दर वर्षी एका तरुण गायकाला शिष्यवृत्ती देतं. तीन वर्षं नोकरीधंद्याची काळजी न करता फक्त शिकायचं. ख्याल गाणाऱ्याला हे फार लागतं, कारण रोजचा चार-पाच तासांचा रियाज आणि गुरूसमोर बसणं ऑफिस सांभाळून होत नाही. तन्वी पाटील लहानपणापासून शैलाताईंकडे शिकत होती. तिचे वडील पिथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, ती लहान असतानाच नाशिकहून बदलून आलेले. त्यांनी आपल्याच कंपनीत तिची एचआरमध्ये सोय लावली होती. सोमवारी जॉइनिंग. म्हणजे आज शिष्यवृत्ती मिळाली तर गाणं, नाही तर एचआर. पाटील शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

परीक्षेचा नियम असा: प्रत्येकाला पाऊण तास, आणि तो नाव पुकारल्यापासून मोजायचा. आधीच्या वर्षी एका उमेदवाराने तानपुरा लावण्यात इतका वेळ घालवला होता की परीक्षकांचं चहापाणी होऊन गेलं, म्हणून हा नियम. भोपाळहून आलेल्या मुख्य परीक्षक बाईंनी फोनवर टायमर लावलेला होता. तन्वीचं नाव पुकारून झालं होतं.

तिला वाटलं, मुळेसाहेब गंमत करताहेत. तिने परत हात जोडले. “काका, आज्ञा असावी.”

“नाही म्हटलं ना, बेटा.”

ट्रस्टचे सेक्रेटरी लघाटे धावत पुढे आले. “मुळेसाहेब, ये तो बस रिवाज है. हाँ बोल दो ना, काय जातं तुमचं?”

“रिवाज आहे तर दीवार को पूछो. मला का विचारलं?”

मुळेसाहेब हे गाण्यातले कोणी नव्हते. पांढरा सफारी घालून पहिल्या रांगेत बसणारे ज्येष्ठ नागरिक, इतकीच त्यांची पात्रता. पण पहिल्या रांगेत मधोमध तेच होते आणि तन्वीचे डोळे नेमके त्यांच्यावर पडले.

लघाटे तन्वीकडे वळले. “तू गा गं. सुरू कर. टाइम चल रहा है.”

“खबरदार!” दुसऱ्या रांगेतून शैलाताई उभ्या राहिल्या. “वडीलधारे नाही म्हणालेत. माझी शिष्या आज्ञा मोडून गाणार नाही.”

“ताई, ते काय पंडित आहेत का?”

“तिने पंडिताला नाही विचारलं. त्यांना विचारलं.”

लघाट्यांनी मग दुसरा वडीलधारा शोधला. मुळेसाहेबांच्या शेजारी त्यांच्याहूनही म्हातारे एक आजोबा होते. लघाटे त्यांच्यापुढे वाकले. “आजोबा, आप सबसे बड़े. आप हाँ बोल दो.”

आजोबा कसनुसे झाले. “भिया, हे मला रोज सकाळी त्यांच्या गाडीवर फिरायला नेतात. ह्यांच्या विरोधात कसं जाऊ?”

इकडे माझी वेगळीच पंचाईत. वरचे दिवे तापले की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सुकते आणि सूर चढतो. मी हातोडी घेऊन बाजूचे लाकडी गट्टे जरा ठोकले. लगेच खालून मुळेसाहेबांचा आवाज आला, “ये ठोकाठाकी भी बंद करा. काम सुरू नाही झालं अजून.”

मी हातोडी खाली ठेवली. मला राग आला होता, पण हातोडी ठेवली खरी.

शेवटी तन्वीनेच, आतापर्यंत कोणाला सुचलं नव्हतं ते विचारलं. “काका, नाही का म्हणताय?”

मुळेसाहेब एकदम खुलले. सरळ होऊन बसले. “देख बेटा, सगळी नौकरी मी लोकांच्या मकानांचे नकाशे पास करण्यात काढली. माणसं यायची, हात जोडायची, साहेब, परमिशन द्या. मी काय विचारायचो? पहले ये बताओ, बनवणार काय! तू परमिशन मागितली, पण बनवणार काय ते सांगितलंच नाही. असं कसं पास करू?”

सभागृहात कोणी हसलं नाही. परीक्षक बाईंनी टायमरकडे पाहिलं.

“यमन राग गाणार आहे, काका.”

“किती मंजिल?”

तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मग ती जराशी विचारात पडली आणि म्हणाली, “तीन. खाली मंद्र, मध्ये मध्य, वर तार सप्तक. पण वर पूर्ण नाही बांधणार. अर्धीच.”

“दाखव.”

“काय?”

“आधी नींव दाखव.”

तन्वीने डोळे मिटले आणि पाया म्हणून सा लावला. लांब, सरळ, हवा न हलवणारा सा. मुळेसाहेब मान तिरकी करून ऐकत राहिले. “पक्की आहे. पुढे?”

मग ती रागाची वाट दाखवू लागली. नी, रे, ग. यमनमध्ये वर जाताना बहुतेकदा सा टाळून खालच्या निषादावरून सरळ रिषभावर जातात. मुळेसाहेबांनी तिला लगेच पकडलं.

“रुक. तू नींवेवर पायच नाही ठेवला!”

“सा तानपुऱ्यात चालूच आहे ना, काका. ऐका.”

मुळेसाहेबांनी डोळे मिटून तानपुरा ऐकला. “हाँ. आहे. आगे.”

आता हे वाचणाऱ्याला खोटं वाटेल, पण पुढचा बराच वेळ असाच गेला. मुळेसाहेब तपासणी करत होते आणि तन्वी दाखवत होती. गंधार दाखवला, तर ते म्हणाले, यावर जरा जास्त वेळ थांब, ही बैठकीची खोली दिसतेय. ती थांबली, आणि असा गंधार मी तिच्याकडून पूर्वी ऐकला नव्हता. त्यांनी विचारलं, आजूबाजूला मोकळी जागा किती सोडणार, तर तिने दोन सुरांमध्ये एवढी शांतता सोडली की मागच्या रांगेतल्या एका काकूंनी खोकला आवरला. मग ती म्हणाली, “काका, आता बंदिश दाखवते. ह्याला ठेका लागतो.” आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात विचित्र ठेका. वाजवला तर मैफल सुरू झाली असं होणार, आणि मैफल सुरू झाली तर आज्ञा मोडली. मी शैलाताईंकडे पाहिलं. त्यांनी हाताने खूण केली: हळू. मी नमुना म्हणून विलंबित एकताल धरला. हळूहळू तो नमुना राहिला नाही. तन्वी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अशी येऊन बसत होती की मला मध्येच ‘वाह’ म्हणावंसं वाटलं, पण तपासणीत वाह म्हणायचं की नाही ते कळेना. द्रुत झालं. ताना झाल्या. तार सप्तकातला पंचम लागला तेव्हा मुळेसाहेबांनी बोट वर केलं, “बस. इससे ऊपर नहीं.” ती तिथून खाली उतरली.

बाईंचा टायमर वाजला.

“ठीक है,” मुळेसाहेब प्रसन्नपणे म्हणाले. “परमिशन दिली. सुरू कर.”

आणि सभागृहात एकच गोंधळ उडाला.

परीक्षक बाई म्हणाल्या, “वेळ संपली. पण ही गायली की नाही गायली?”

“गायली!” लघाटे ओरडले.

“नाही गायली,” शैलाताई म्हणाल्या. “आज्ञा आत्ता मिळाली. त्याआधी ती फक्त दाखवत होती.”

“ताई, अहो, नाही गायली तर मार्क कशाचे देऊ?”

“आणि गायली म्हणाल तर माझ्या शिष्येने आज्ञा मोडली असं होईल. ते मी ऐकून घेणार नाही.”

बाई हताश होऊन तन्वीकडे वळल्या. “तूच सांग.” तन्वी गुरूकडे पाहून खाली मान घालून म्हणाली, “मी नाही गायले.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एका वाक्यात ती तीन वर्षं घालवून बसली होती, आणि मला शैलाताईंचा भयंकर राग आला. पण मधे बोलणारा मी कोण? साथीदार.

तेवढ्यात परीक्षक बाईंना काहीतरी सुचलं. त्या मुळेसाहेबांकडे वळल्या. “साहेब, तुमच्या खात्यात कोणी परमिशनच्या आधीच मकान बांधून टाकलं तर काय करायचे?”

“तोड़ देते.”

लघाट्यांनी कपाळावर हात मारला.

“लेकिन,” मुळेसाहेब म्हणाले, “नियमात बसत असेल, पक्कं बांधलेलं असेल, तर कंपाउंडिंग. म्हणजे दंड घेऊन रेग्युलर करून द्यायचं.”

“हे नियमात बसतं?”

“एकदम नकाशाप्रमाणे. मी स्वतः उभा राहून बघितलंय.”

“मग दंड?”

मुळेसाहेबांनी बराच विचार केला. “एक भजन.”

तन्वीने सवयीने हात जोडले आणि सगळं सभागृह एकदम ओरडलं, “विचारू नकोस!” मुळेसाहेब हसून म्हणाले, “दंडाला परमिशन नाही लागत, बेटा.” ती भजन गायली. रडत रडत गायली आणि एकही सूर हलला नाही. मीही तोंड फिरवून डोळे पुसले, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिष्यवृत्ती तिला मिळाली. निकाल जाहीर झाल्यावर सगळे तिच्याभोवती जमले. पाटील मात्र लांब उभे होते. ती त्यांच्याजवळ गेली तेव्हा ते कोरड्या आवाजात म्हणाले, “सगळ्यांना विचारलंस. त्या सफारीवाल्यांना दोन वेळा विचारलंस. मला एकदाही नाही.”

“तुम्ही नाही म्हणाला असता, बाबा.”

“म्हणालो असतोच.”

तन्वीने हात जोडले, स्टेजवर जोडले होते तसेच, आणि म्हणाली, “आज्ञा असावी.”

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. लघाट्यांनी तर डोळेच मिटून घेतले. पाटलांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, “सोमवारी मी ऑफिसात सांगतो. आता एवढ्या लोकांसमोर दुसरं काय सांगू?”

तेव्हापासून माझ्याबरोबर पहिल्यांदा स्टेजवर बसणाऱ्या मुलांना मी एकच गोष्ट सांगतो. आज्ञा जरूर मागा. पण उत्तर ऐकायची तयारी नसेल, तर डोळे मिटून मागा.