सुगियाच्या खडावा

३ डिसेंबर १९५२ रोजी सुगिया सराईच्या मालकीणबाईंना, म्हणजे ओनुकी फुसाला, तोक्योच्या एका मासिकाकडून चौदा हजार सहाशे येन आले. वीस दिवसांचं खोलीभाडं, आंघोळ आणि दोन वेळचं जेवण. सोबतच्या चिठ्ठीत अटी होत्या. लेखक इसोबे रेकिची यांना कादंबरीचा शेवट लिहून होईपर्यंत बाहेर जाऊ देऊ नये, दारूचा थेंब देऊ नये, आणि तेवीस तारखेला संपादक मियाके येतील तेव्हा कागद आणि लेखक दोन्ही त्यांच्या ताब्यात द्यावेत.

तोक्योच्या मासिकवाल्यांत याला लेखक 'डबाबंद' करणं म्हणतात. कामियुच्या गरम झऱ्यांवरच्या सगळ्याच सरायांनी असे लेखक डब्यात भरले होते. फुसाने चार भरले होते आणि चारही वेळेवर काढून दिले होते. हा पाचवा मात्र शाळेत तिच्याच वर्गात होता.

रेकिची हा खालच्या पुलाजवळच्या, सोयाबीन दळून टोफू विकणाऱ्या इसोबेंचा थोरला मुलगा. सतराव्या वर्षी बापाने जात्याचा खुंटा हातात दिला आणि त्याच आठवड्यात हा तोक्योला पळाला. पहिलं पुस्तक मित्रांनी विकत घेतलं आणि त्यांनीच रद्दीत घातलं. पहिली बायको दोन वर्षांत माहेरी निघून गेली. दुसरी क्षयाने गेली आणि जाताना तो आजार त्याच्याकडे ठेवून गेली. झोपेच्या गोळ्यांपायी त्याला सहा महिने वेड्यांच्या इस्पितळात काढावे लागले. युद्धाच्या काळात भलेभले लेखक शिपायांचे पोवाडे गात होते तेव्हा त्याने एक ओळही छापली नाही. सोया सॉसच्या वखारीत खोकी भरली आणि उपाशी राहिला. फुसाला त्याच्याबद्दल जो मान होता तो या वखारीमुळे. पुस्तकांतलं तिला सगळंच कळत होतं असं नाही, पण खोकी भरणं म्हणजे काय हे तिला कळत होतं.

बापाच्या अंत्यविधीला मात्र तो आला नव्हता. तार पोचली तेव्हा दारू पिऊन पडला होता असं गाव म्हणायचं, आणि गाव खरं बोलत होतं. तेव्हापासून धाकटा भाऊ तामेजी त्याच्याशी बोलत नव्हता.

आताची कादंबरी त्या बापाचीच होती. वर्षभर ती मासिकात महिन्याच्या महिन्याला येत होती. राहिलं होतं एकच प्रकरण, बापाच्या मरणाचं. तेवीसपर्यंत ते मिळालं नाही तर कादंबरी अर्धवट सोडायची, असं मासिकाने ठरवलं होतं. रेकिचीचं एक फुप्फुस तर गेलंच होतं. पुन्हा संधी द्यायला ना मासिक थांबणार होतं, ना दुसरं फुप्फुस.

"बूट काढ," तो दारात आला तेव्हा फुसा म्हणाली.

"मालकीणबाई, पाहुण्याशी असं बोलतात का?"

"पाहुणा कोण? तिसरीत माझ्या डब्यातलं मुळ्याचं लोणचं कोणी खाल्लं होतं?"

"मीच. आणि खारट होतं."

दारावरच्या गेनपाचीने त्याचे बूट उचलले आणि कोळशाच्या पोत्यामागे नेऊन दडवले. पाहुण्यांची पादत्राणं सांभाळणं हेच त्या म्हाताऱ्याचं काम. "गुरुजी, आता पळायचं तर अनवाणी पळा," तो म्हणाला. "बर्फ पडायला लागलंय. तळव्यांना बरं वाटेल."

खरं तर बुटांची एवढी काळजी नव्हती. कामियुत पाहुणा बाहेर पडतो तो सराईच्या लाकडी खडावा घालून, आणि प्रत्येक जोडीवर गावाचं आणि सराईचं नाव डागलेलं असतं. दारू जास्त होऊन पाहुणा स्वतःचं नाव विसरला तरी त्याच्या पायांकडे बघून गाव त्याला दारात आणून सोडतं. फुसाचा सगळा भरवसा त्या खडावांवर होता.

पाचव्या दिवशी रेकिची न्हाणीघराच्या दारातून सटकला. तासाभरात दारूवाला त्याला दंडाला धरून घेऊन आला.

"फुसाताई, तुमचा माल."

"पाजलीस का?"

"पाय बघितले आणि बाटली परत फळीवर ठेवली. मला या गावात धंदा करायचाय."

"सगळं गाव पोलीस झालंय," रेकिची कुरकुरला.

"पोलीस कशाला होईल? तू आमचा लेखक आहेस," दारूवाला म्हणाला. "माझ्या आईला वाचून दाखवतो ना मी. पुढच्या महिन्यात म्हातारा मरणार की नाही, रोज विचारते."

"तिला सांग, लेखकालाच ठाऊक नाही."

दुसऱ्या वेळी बसच्या कंडक्टरने त्याला सुगियाच्या दारात उतरवून दिलं आणि तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. त्यानंतर तो खोलीतून हलेना. फुसा जेवणाचं ताट घेऊन जायची तेव्हा चटईभर चुरगाळलेले कागद असायचे. एकदा तिने एक उचलून वाचला. म्हाताऱ्याच्या उशाशी थोरला मुलगा बसलाय, म्हातारा त्याचा हात धरतोय, क्षमा करतोय. वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"छान आहे की रे! का फेकतोस?"

"छान आहे म्हणूनच." तो बराच वेळ खोकला. "मी तिथं नव्हतो, फुसा. हे सगळं मी मला बरं वाटावं म्हणून लिहितोय."

"वाचणाऱ्याला काय कळणार आहे?"

"टोफूत पाणी जास्त असलं तरी गिऱ्हाइकाला कळत नाही. आमचे बाबा ती कढई ओतून द्यायचे."

तिने चुरगाळलेले कागद गोळा केले आणि चुलीत न घालता कपाटात ठेवले.

सतराव्या दिवशी, उजाडायच्या आधी, गेनपाची धापा टाकत आला. खोली रिकामी होती आणि स्वयंपाकघराच्या दारातली खडावांची एक जोडी नाहीशी झाली होती.

"गाव आणून सोडेल," फुसा म्हणाली आणि भात चुलीवर ठेवला. भात झाला, पाहुण्यांची न्याहारी झाली, तरी कुणी आलं नाही. दारूवाल्याचं दार उघडलेलंच नव्हतं. बस त्याच्याविना गेली होती. मग मात्र ती त्याला शोधायला बाहेर पडली. त्याने जीव तर दिला नसेल ना, या भीतीने नदीकाठी उतरायचा धीर होईना, म्हणून ती पुलावरच थांबली, आणि तिथून तिला टोफूच्या दुकानातली वाफ दिसली. तेव्हा तिला आपली चूक कळली. सुगियाच्या खडावा बघून गाव माणसाला कुठूनही परत आणील, पण त्याच्या स्वतःच्या घरातून कोण आणणार?

दुकानाच्या मागच्या दाराशी ती उभी राहिली. रेकिची बाह्या सरसावून गार पाण्याच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून टोफू कापत होता. पाय ओल्या फरशीवर, त्या खडावांत. तामेजी जात्यावर बसला होता आणि त्याच्याकडे न बघता बोलत होता.

"सरळ काप, दादा. ही वीट आहे का टोफू?"

"पंचवीस वर्षांनी कापतोय."

"सव्वीस."

मग रेकिचीने विचारलं, "बाबा गेले त्या दिवशी कुठं बसले होते?"

"त्या पालथ्या बादलीवर. मी इथंच होतो, जात्यावर. ते म्हणाले, 'पाणी जास्त झालं.' मी पाणी कमी केलं आणि विचारलं, आता? तर काही बोलले नाहीत. मला वाटलं, बरोबर आहे म्हणून बोलत नाहीत. त्या कढईपुरतं दळून झाल्यावर मी वळलो."

"माझं नाव काढलं होतं?"

"नाही."

रेकिचीने मान हलवली. "बरं केलंस सांगितलंस," एवढंच म्हणाला आणि पुढचा टोफू कापायला घेतला. या वेळी सरळ.

फुसाने मासिकाला शब्द दिला होता. डॉक्टरने गारठा वर्ज्य सांगितला होता. हात धरून त्याला वर सराईत नेणं तिच्या अधिकारात होतं. तिच्या पायाखाली बर्फ करकरलं तसं तामेजीने मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. ती वाकून नमस्कार करून मागे फिरली. वाटेत दारूवाला भेटला.

"गुरुजी सापडले का?"

"खोलीतच आहेत. लिहितायत," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने गावाशी केलेली ही एकच लबाडी.

दुपारी तो स्वतःच्या पायांनी आला. हात लाल, पाय सुजलेले. तीन दिवस त्याने जेवणाचं ताट बाहेरच ठेवायला सांगितलं. तेवीस तारखेला मियाके आला, ओसरीवर बसून सगळं वाचलं आणि शेवटच्या पानावर थांबला.

"गुरुजी, शेवटचं वाक्य 'पाणी जास्त झालं' असंच ठेवायचं? मुलाबद्दल काहीच नाही?"

"काहीच नाही."

मियाकेने पानं नीट लावली, मांडी मोडून गुडघ्यांवर बसला आणि चटईला कपाळ टेकवलं. फुसाने आजवर चार लेखक काढून दिले होते, पण संपादकाला असं वाकलेलं पाहिलं नव्हतं.

निघताना गेनपाचीने बूट आणले, पण सुजलेले पाय आत जाईनात. शेवटी रेकिची त्याच खडावा घालून निघाला.

"जोडीचे एकशे चाळीस येन होतात," फुसा म्हणाली.

"तोक्योहून पाठवतो."

"तू पाठवणार! लोणचं तरी कुठं दिलंस अजून?"

तो हसला, खोकला, आणि बसमध्ये चढला.

कादंबरी पुस्तकरूपात आली. ती फारशी खपली नाही, पण दारूवाल्याने आपल्या आईला ती दोनदा वाचून दाखवली. एप्रिलमध्ये तोक्योच्या एका इस्पितळात रेकिची वारला. त्याच्या सामानात कुणाचाच पत्ता नव्हता. खाटेखालच्या खडावांवरचं नाव वाचून वॉर्डातल्या बाईने कामियुच्या सुगिया सराईला तार केली. फुसाने ती तार तशीच पुलाजवळ नेली. तामेजी दुकान बंद करून तोक्योला गेला आणि अस्थी घेऊन आला. बापाशेजारी जागा होतीच.

खडावा इस्पितळातच राहिल्या. त्याचे बूट सुगियाच्या फळीवर आहेत. खडावांचे एकशे चाळीस येन यायचे बाकी आहेत.