लेन्स कोणती घेऊ, भाऊ?

आमच्या गोंदियातला एक भाऊ रोज लेन्सचे व्हिडिओ पाहते अन् रोज मत बदलवते. परवा म्हणे, "मोठी झूम घे." काल म्हणे, "झूम कायले? माही झूमच पाय ना, फोटो धुरकट येते." माहं डोकंच चालेना!

आज भाऊसंगं धानाच्या बांधीत गेलो, तं सारस घरट्यावर बसलेला दिसला. माही लेन्स लहान, म्हणून मी पुढं सरकून राहिलो होतो. भाऊनं कॉलर धरून मागं ओढलं. "अबे, अंडी सोडून उडून जाईन न थो!" अन् स्वतःचीच झूम काढून माह्या कॅमेऱ्याले लावून देल्ली. फोटो एकदम चकाचक आला!

"भाऊ, मंग हेच पक्की करू?"

तो सारसाकडंच पाहत होता. पक्षी मान खाली घालून निवांत बसला, तेव्हा कुठं बोलला, "पक्की कायले? सकाळी व्हिडिओत अजून एक लेन्स पाहिली मी."