मारुती पाणी पाजायला तयार नव्हता

"सिस्टर, मुलगा कुठाय?" डॉक्टर सरांनी परत विचारलं.

"खाली पार्किंगमध्ये, सर. फोन केला, तर आत येणार न्हाय म्हणतोय."

"येणार न्हाय म्हणजे?"

म्हणजे काय, ते मला तरी कुठं ठाऊक होतं? बेळगावातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूची मी इनचार्ज. आत सोडा म्हणून नातेवाईक दारात भांडतात, ते रोजचंच. बोलावूनही न येणारा हा पहिलाच. माझं डोकंच फिरलं.

बेडवर त्याचे वडील, परशराम अण्णा. शहापूरचे विणकर, सगळा जन्म मागावर गेलेला. फुप्फुसं पार निकामी झालेली. तोंडावर बायपॅपचा मास्क. बायपॅप म्हणजे घट्ट मास्कमधून हवा जोरानं आत ढकलणारं मशीन. माणूस बरा होणार असेल तर ते सोसायला हरकत नाही. अण्णा बरे होणार नव्हते. नाकावरचं कातडं सोललं होतं. मास्क ओढून काढतात म्हणून हात बांधले होते. मला ते बघवत नव्हतं.

पुढची पायरी म्हणजे घशात नळी घालून व्हेंटिलेटर. त्यानं काही साधणार नाही, नुसते हाल लांबतील, असं सर म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांचंही तेच मत पडलं. त्यापेक्षा कम्फर्ट केअर द्यावी. म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडणं नव्हे. धाप कमी व्हावी म्हणून मॉर्फिनचा थोडासा डोस, नाकाला साधा ऑक्सिजन, तोंड ओलं ठेवायचं आणि घरची माणसं जवळ बसवायची. अण्णांना विचारलं, तर त्यांनी मान हलवून होकार दिला. त्यांच्या बायकोलाही, शांताक्कांना, पटलं होतं. पण त्या अडून बसल्या, "पोराला इचारल्याबिगार मी सही करत न्हाय."

"संध्याकाळपर्यंत ठरलं नाही तर मला नळी घालावी लागेल," सर म्हणाले.

मी तरातरा खाली गेले. मारुती मोटारसायकलवर बसला होता. उद्यमबागेत फाउंड्रीत लोखंड ओतायच्या कामाला, धिप्पाड गडी.

"काय रं, बाप वर तडफडतोय आणि तू हितं हवा खात बसलास व्हय?"

तो लहान पोरासारखा रडायलाच लागला.

"आक्का, आईनं पिशवीत गंगेचं पाणी आणलंय. मी आत गेलो की माझ्या हातानं पाजायला लावणार. थोरल्या पोरानं पाणी पाजलं की माणूस सुटतंय म्हणत्यात. मी पाजलंच न्हाय तर अण्णा जायाचं न्हाईत."

आयटीआय शिकलेला पोरगा, पण बापाला धरून ठेवायला त्याच्या हातात एवढंच होतं. माझा राग कुठल्या कुठं पळाला. तरी खोटं बोलून चालणार नव्हतं.

"हे बघ मारुती. तू पाणी पाज न्हायतर नको पाजू, अण्णा ऱ्हात न्हाईत. त्यांनी बांधल्या हातानं जायाचं का तुझ्यासंगं चार शब्द बोलून, तेवढंच तुला ठरवायचं हाय."

तो डोळे पुसत बसला.

"आणि पाणी नको पाजू," मी म्हटलं. "चहा पाज. कालपासनं खुणा करून चहाच मागत्यात."

"चहा चालतोय?"

"मी चालवते. चल उठ."

तो उठला. वर येऊन आईजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णांचं हात सोडा आधी." सह्या झाल्या. चहाचं ऐकून मात्र सर दचकले.

"सिस्टर, ठसका लागला तर?"

"लागेल, सर. पण त्यांना समजावून विचारलंय. त्यांना हवाय."

सरांनी माझ्याकडं बघितलं आणि ऑर्डर लिहिली.

मॉर्फिन दिलं. धाप कमी झाल्यावर मास्क काढला, हात सोडले. अण्णांना टेकवून बसवलं. मारुतीनं कॅन्टीनचा चहा गार करून चमच्यानं पाजला, अगदी थेंब-थेंब. अण्णांनी चव घेतली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"साखर कमी हाय."

शांताक्का हसल्या आणि हसताहसता रडल्या. माझाही जीव भांड्यात पडला. बापलेक हळूहळू बोलत राहिले. मी पडदा ओढणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "तुझ्या आईनं पाणी आणलंय न्हवं? दे की रं."

मारुती पांढरा पडला. पण बापानंच मागितलेलं. चमचाभर पाजलं आणि श्वास रोखून बघत राहिला.

अण्णांनी एक डोळा उघडला. "काय बघतोस? हाय की मी अजून."

पुढं दोन दिवस ते राहिले. वॉर्डातल्या खोलीत, धाप नाही, दोऱ्या नाहीत. दुपारी झोपेतच गेले. त्यांचा हात मारुतीच्या हातात होता. घरी निघताना मारुती आयसीयूत येऊन मला म्हणाला, "आक्का, अण्णा माझ्या हातनं न्हाय गेलं बघा." इतका मोकळा झालेला चेहरा मी आयसीयूच्या दारात क्वचितच बघितलाय.

नातेवाईक निर्णय घेत नाही, म्हणजे त्याला आजार कळला नाही, असं आम्ही धरून चालतो. मग एक्सरे दाखवून तेच ते समजावत बसतो. बहुतेकांना आजार पहिल्याच दिवशी कळलेला असतो. अडलेलं दुसरंच असतं, आणि ते फोनवर सांगत नाहीत. त्यासाठी जिना उतरून पार्किंगपर्यंत जावं लागतं.