काम उरू न देणारे मामा

आमच्या थोरल्या मामांना साजेल अशी एकही नोकरी अख्ख्या निजामी राज्यात नव्हती, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. आणि त्यात मामांचा दोष काडीचाही नव्हता! अडलेली गोष्ट त्यांना बघवतच नसे. पाहुणे म्हणून कुठे गेले, की पाण्याचा तांब्या हातात तसाच राही आणि नजर कुरकुरणाऱ्या दारावर. माझ्या बहिणीच्या लग्नात ऐन मुहूर्ताला कोठीच्या कुलपात किल्ली तुटली; अंतरपाट आत, नवरदेव बाहेर. सगळे किल्लीवर ओरडत असताना मामांनी बिजागऱ्या उचकटल्या आणि दार कुलपासकट बाजूला ठेवून दिले.

"एवढं डोकं हाय तर वकिलाकडं घाला," असे तीर्थपुरीतल्या झाडून साऱ्या शहाण्यांनी सांगितले, म्हणून मामा जालन्यात एका वकिलाचे कारकून झाले. तिथे राजूरकडचे दोन चुलतभाऊ सामाईक विहिरीवरून सात वर्षे भांडत होते. वकीलसाहेब यायच्या आत मामांनी त्यांना ओसरीवरच विचारले, "पानी कमी पडतं का?"

"न्हाई, पानी बक्कळ हाय. ह्यो बैल उशिरा आनतो, माझी पाळी बुडती," थोरला म्हणाला.

"ह्याच्या कुंपनाला वळसा घालून यावं लागतं," धाकटा म्हणाला.

"मंग कुंपनात वाट सोडा की!"

दोघे एकमेकांकडे बघतच राहिले आणि एकाच बैलगाडीतून घरी गेले. वकिलांनी मामांनाही त्याच दिवशी घरी पाठवले.

पुढे ते एका सरकारी कचेरीत लागले. कारभार सगळा उर्दूत. कोणता कागद कोणत्या मेजावर द्यायचा हे शेतकऱ्यांना कोणी सांगत नसे, आणि ती माणसे चार-चार दिवस लिंबाखाली बसून राहत. मामांनी बाहेर बाकडे टाकले आणि एकेकाचा कागद वाचून त्याला मेज दाखवायला सुरुवात केली. महिन्याभरात लिंबाखाली नुसत्या शेळ्या! येता-जाता लिंबाखालच्यांचे सलाम घ्यायची सवय झालेल्या पेशकारांना, म्हणजे मामांच्या वरच्या साहेबांना, हे कसे सोसावे? मामांच्या हाती हुकूम पडला: काम उरलेले नाही, सबब जागा रद्द. काम उरले नाही म्हणे! ज्याने संपवले त्यालाच ही शिक्षा! माझ्या अंगाची अजून लाही होते.

"लोकाच्या अडचनी बराबर सोडवल्या, आता आपली कोन सोडवनार?" मामी म्हणाल्या. मग मामा शेतीकडे बघू लागले.

बऱ्याच वर्षांनी मलाही एका कचेरीत नोकरी लागली, तेव्हा त्यांच्या पाया पडायला गेलो. मामा बाजेवर पडून होते. मी त्या पेशकाराच्या नावाने मनसोक्त बोटे मोडली. मामांचे तिकडे लक्षच नव्हते.

"जाऊ दे रे ते. तुझं काही अडून राह्यलंय का?"

"न्हाई मामा," मी ऐटीत म्हणालो, "सगळं बराबर चाललंय."

"बरं," म्हणून त्यांनी कूस बदलली. मला माझीच लाज वाटली.

"एक हाय मामा," मी घाईघाईने म्हणालो, "आमच्या दप्तराला वाळवी लागून राह्यली."

मामा कोपरावर भार देऊन हळूहळू उठून बसले. डोळ्यांत केवढी तरी हुशारी आली.

"कपाट भिंतीला टेकलेलं हाय का?"