गढीच्या भिंतीवरचा धाकटा हात

आधीच सांगते, मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. भूतखेत, अंगात येणं… असलं काही माझ्यासमोर कुणी काढलं की मी त्याची सालटी काढते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. नोकरीमुळे जयपूरला, मानसरोवरमध्ये राहतो — मी आणि माझा नवरा सुहास. गेल्या वर्षी हिवाळ्यात सासूबाई आल्या होत्या. पाहुणे आले की जयपूरकराला गाइड व्हावंच लागतं! सिटी पॅलेस झाला, हवामहल झाला. अल्बर्ट हॉलमधली ममी बघून आई म्हणाल्या, "मेल्यावरसुद्धा तिकीट लावून निजवलंय बिचारीला!"

रविवारी आमेर. किल्ला चढताना सुहास सारखा थांबत होता, घामाघूम. भर थंडीत! "काल बाटीवर तूप जरा जास्तच झालं, ॲसिडिटी आहे," म्हणे. चेक-अप कर म्हणून मी वर्षभर कानीकपाळी ओरडत होते, पण ऐकेल तर शपथ.

तिथून थोडं पुढे एक जुनी गढी आहे, आता खासगी म्युझियम. नाव मुद्दाम देत नाही. दुपारची वेळ, आम्ही तिघं आणि म्हातारा चौकीदार, बास. दरवाजाच्या आत डाव्या भिंतीवर दगडात कोरलेले हातांचे पंजे, ओळीनं, शेंदूर फासलेले. आईंनी शेंदूर बघितला आणि चपलाच काढल्या.

"देवी आहे गं मीनल! ओटी भर."

आमच्या आई प्रवासाला निघाल्या की पिशवीत खण-नारळ असतोच, वाटेत कुठली देवी भेटेल सांगता येत नाही. त्यांचे यजमान गेलेले, म्हणून ओटी भरायचा मान सवाष्णीचा, म्हणजे माझा.

"अहो आई, बोर्ड तरी वाचू द्या…"

"बोर्ड नंतर वाच. सुहाससाठी माग काहीतरी."

ओळीच्या शेवटी, अगदी खाली, एक धाकटा पंजा होता. का कोण जाणे, मी तोच निवडला. हळदकुंकू लावलं. पायथ्याशी तांदूळ, खण, नारळ ठेवला. मनात म्हटलं, याला सांभाळ बाई. दगड कोमट लागला. उन्हानं तापला असेल म्हटलं… ती भिंत सावलीत होती, हे नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात चौकीदार धावत आला. "अरे मैडमजी, ये देवी नहीं है! सतियों के हाथ हैं. जाते-जाते छाप लगाकर गई थीं."

नवऱ्याच्या चितेवर निघालेल्या बायका! तो धाकटा पंजा तर जेमतेम दहा-अकरा वर्षांच्या पोरीचा. आणि तिच्याकडे मी माझा नवरा मागितला होता.

सुहास हसत पुढे निघाला. पांढरा शर्ट. पाठीवर, डाव्या बाजूला, लाल पंजा.

"तुझ्याच हाताचं कुंकू असेल," तो म्हणाला. मी त्याला हातही लावला नव्हता. तरी माझा तळवा त्या छापेवर धरून पाहिला. ती पूर्ण झाकली गेली, वर माझी बोटं पेरभर बाहेर उरली.

मी घाबरले. खरंच घाबरले. तिला हा हवाय, एवढंच डोक्यात आलं. त्याच्या हातातली गाडीची किल्ली हिसकावली. "हॉस्पिटल. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, गॅसेस आहेत नुसते—"

"गप बस!" सासूसमोर नवऱ्यावर असं ओरडायची माझी पहिलीच वेळ. आणि आईच म्हणाल्या, "बस रे गाडीत मुकाट्यानं."

ईसीजी काढला आणि तिथं पळापळ सुरू झाली. मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. त्याच संध्याकाळी स्टेंट टाकला. "घरी गेला असतात तर…" डॉक्टरांनी वाक्य अर्धवटच सोडलं.

सुहास घरी हिंडायफिरायला लागल्यावर मी एकटीच नारळ घेऊन गढीवर गेले. पंजे होते तसेच होते. शेवटचा धाकटा नव्हता. "वहाँ तो कभी कुछ था ही नहीं," चौकीदार म्हणाला. तिथं कोरा दगड होता… आणि त्यावर माझं हळदकुंकू, वाळलेलं.

मी तिथेच बसून रडले. त्या पोरीसाठी कुणी कुणावर ओरडलं नाही, कुणी किल्ली हिसकावली नाही. कोऱ्या दगडाची मी पुन्हा ओटी भरली, या खेपेला मनापासून.

सुहास आता ठणठणीत आहे. फक्त जिना भराभर चढायला लागला की मध्येच थांबतो. पाठीवर डावीकडे कोमट लागतं म्हणतो, कुणी तळवा टेकवल्यासारखं. मग हळू चढतो. मी मागे वळून बघते, कुणी नसतं. तो शर्ट तसाच ठेवलाय, न धुता. याचं उत्तर माझ्या फिजिक्समध्ये नाही, आणि खरं सांगायचं तर मी आता ते शोधतही नाही.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक वाण बाजूला काढून ठेवलं — लहान मापाच्या हिरव्या बांगड्या. यंदाही आलेल्या आईंनी त्यावर तिळगुळाची वडी ठेवली.