दाजींचा चिंचोक्यांचा आलेख

कोरेगावहून तार आली तेव्हा मी सांगलीला विश्रामबागेतल्या घरी तोंडाला साबण फासून आरशासमोर बसलो होतो. दाजी गेले. ताईचे यजमान, तोफखान्यातले निवृत्त सुभेदार. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. मी अर्ध्या दाढीनिशी गाडी पकडली आणि कराड येईपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नाही… दाजी असते तर पोट धरून हसले असते.

नोकरीला मिळणारी मुदतवाढ त्यांनी नाकारली होती, ती केवळ रविवारसाठी. "सगळे इतवार सरकारला दिले. आता दुपारी माझ्या सोप्यात चार माणसं बसलेली दिसली पायजेत, बस," असं ते म्हणत. ती चार माणसं म्हणजे दाजी, ताई, शेजारचे ऊसवाले बापू आणि एक रविवार सोडून सांगलीहून जाणारा मी. ताईने घरात पैशाच्या खेळाला बंदी घातली होती, म्हणून आमची तीन पत्ती चिंचोक्यांवर चाले. प्रत्येकाला वाटीभर चिंचोके. संपले की बाद, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. सगळ्यांत आधी बाद होणाऱ्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. माझ्या हातच्या चहाचं आज घरोघरी कौतुक होतं, त्यामागचं कारण एवढंच.

गोळा कुठे पडला ते कागदावर टिपायची दाजींना उभ्या नोकरीची सवय. त्यांनी आलेखाचा कागद आणून सोप्याच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, भिंतीवर पिठाच्या खळीने चिकटवला. जो जितका उशिरा बाद, तितकी त्याची रेघ वर. स्वतःला तांबडी पेन्सिल, ताईला हिरवी, बापूंना निळी आणि मला काळी. माझी रेघ तळाला इतकी चिकटून चालली की बापूंनी एकदा चष्मा पुसत विचारलं, "पाव्हणं, ही तुमची रेघ हाय, का कागदाची किनार?"

पण त्या कागदाने घोटाळा केला. सोप्यात येणारा-जाणारा, अगदी दूधवालासुद्धा, तो वाचू लागला आणि बापूंना अब्रूची काळजी लागली. खेळलंच नाही तर हरणंही नाही, हे त्यांनी शोधून काढलं. पानं बघायची, खाली ठेवायची आणि म्हणायचं, "पॅक." निळी रेघ वर चढली. मग ताईही तेच करू लागली, तिचं बघून दाजीही. मी नेहमीप्रमाणे बाद होऊन चहा घेऊन यावं, तर हे तिघं दवाखान्यात नंबर लावल्यासारखे गप्प बसलेले. बापूंना तर डुलकी लागायची. एका रविवारी ते आलेच नाहीत. "उसाला पाणी हाय," असा निरोप आला. दाजींच्या नि बापूंच्या शेताची पाण्याची पाळी एकाच दिवशी असे, आणि तो दिवस रविवार नव्हता.

त्या संध्याकाळी दाजी मला स्टेशनवर सोडायला आले. म्हणाले, "मीच घालवला बघा ह्यो खेळ. माणसं पानांकडं बघायची सोडून कागदाकडं बघाय लागली."

"मग कागद काढून टाका की."

"कागदानं काय केलंय? नेम माझा चुकला."

पुढच्या खेपेला गेलो तर भिंतीवर नवा कागद. आता जिंकण्या-हरण्याचा हिशेबच नाही. डाव शेवटपर्यंत नेऊन, चारचौघांदेखत आपली पानं किती वेळा उघडी केली, म्हणजे किती शो केले, तेवढंच मोजायचं. त्या दिवशी आम्ही तिघंच खेळलो आणि माझी काळी रेघ आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या वर गेली. ताईने कुंपणावरून बापूंना मुद्दाम ऐकवलं. ते हातातलं खुरपं न ठेवताच आले आणि कागदासमोर उभे राहिले.

"ह्यो? पयला?"

"व्हय," दाजी म्हणाले.

"वाटा पानं, सुभेदार."

बापू त्या दुपारी पानं न बघता असे खेळले की चिंचोके कोनाड्यापर्यंत उडाले. मी अर्थातच पहिला बाद झालो, पण स्वयंपाकघरात चहा उकळताना बाहेरचा दंगा ऐकत होतो… दाजींचा आवाज सगळ्यांत मोठा. तिथून पुढे सोपा कधी रिकामा राहिला नाही.

दाजींना जाऊन आता महिना उलटून गेला. गेल्या रविवारी मी न कळवताच गेलो. बापू आधीच येऊन, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. "वैनी," ते म्हणाले, "बसायचं का न्हाई, ते तुमी सांगायचं."

ताई आत गेली. आली ती पत्ते नि चिंचोक्यांच्या वाट्या घेऊनच. तिघांना पानं वाटली आणि आपली न बघता अख्खी वाटी मधे सरकवली.

"आवं वैनी, पानं तर बघा."

"तुम्ही तुमची बघा."

मी पॅक झालो. बापूंनी बरोबरी केली. ताईने पानं उलटली. एक दुर्री, एक पंजा, एक सत्ती, कशाचा कशाला मेळ नाही. सगळे चिंचोके गेले. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "माझा एक शो झाला. लावा."

पेन्सिल आजवर दाजींशिवाय कुणी धरली नव्हती. बापूंनी पट्टी दाबून धरली, मी हिरवी रेघ ओढली. पट्टी सरकली की माझा हात, ते सांगता येत नाही, पण रेघ चांगलीच वाकडी आली. ताईने डोळे बारीक करून ती पाहिली.

"चालतंय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी सरळ काढा."